आधी सभागृहात, मग मोबाइलवर: एका मराठी बँडचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातला पाच जणांचा बँड. गिटार वाजवणारा गायक (बहुतेक गाणी त्याचीच), एक गायिका, बास, ड्रम आणि पखवाज. पाचही जण नोकरी-धंदा सांभाळून वाजवणारे. आठवड्यातून दोन रात्री तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये तालीम. या लिखाणात त्यांना नुसतं 'बँड' म्हटलं आहे. ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत.

२०२२ च्या दिवाळीत त्यांनी आठ गाण्यांचा अल्बम काढला. ध्वनिमुद्रणाचे १ लाख २० हजार, मिक्सिंगचे (वेगवेगळे मुद्रित आवाज जुळवून एक करण्याचे) गाण्यामागे १० हजार म्हणजे ८० हजार, मास्टरिंगचे (तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याचे) २४ हजार, मुखपृष्ठ आणि एका व्हिडिओचे ६१ हजार, असे एकूण २ लाख ८५ हजार रुपये गेले. प्रत्येकाने ५७ हजार घातले. पैसे समसमान होते, म्हणून कागद करायची गरज कुणाला वाटली नाही. आठही गाणी एकाच शुक्रवारी ऑनलाइन वितरकामार्फत स्पॉटिफायसारख्या सगळ्या ठिकाणी चढवली. तीन आठवडे नातेवाईक आणि मित्रमंडळींनी भरभरून ऐकली. चौथ्या आठवड्यात आकडे खाली बसले ते बसलेच.

शो मिळत होते ते कॅफे आणि बिअरच्या टॅपरूममध्ये, महिन्याला एक-दोन. दोन तास वाजवायचं आणि त्यात निम्मी 'लोकांना माहीत असलेली' गाणी घ्यायची, ही अट. मानधन २० ते २५ हजार. त्यातून ड्रमसेटचं भाडं, टेम्पो, तालमींचा खर्च आणि जेवण गेलं की माणशी दीड-दोन हजार उरायचे.

अडचण

वर्षभराने हिशेबाला बसल्यावर तीन तक्रारी पुढे आल्या. तिन्हींचा एकमेकींशी संबंध आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली तक्रार ऐकणाऱ्यांची. आठपैकी दोनच गाणी वर्षभरात हजारच्या पुढे गेली होती. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम लावला, की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेलं गाणं रॉयल्टीच्या हिशेबात धरायचंच नाही. म्हणजे उरलेल्या सहा गाण्यांचं त्या खात्यात काही जमा होणार नव्हतं.

दुसरी तक्रार शोधाशोधीची, आणि मराठी बँडना ही फार छळते. बँडचं नाव साधा मराठी शब्द आहे. रोमन लिपीत त्याच स्पेलिंगचे आणखी दोन कलाकार निघाले आणि अल्बममधली तीन गाणी त्यातल्या एकाच्या पानावर जाऊन बसली. गाण्यांच्या नावांचाही घोळ होता. तोच 'व' एका नावात 'व्ही'ने लिहिलेला, दुसऱ्यात 'डब्ल्यू'ने. 'ळ'ला तर रोमनमध्ये स्वतःचं अक्षरच नाही. कुणी एक 'एल' टाइप करतं, कुणी दोन. शोमध्ये गाणं आवडलेला माणूस घरी जाऊन दोन-तीनदा शोधायचा आणि सोडून द्यायचा.

तिसरी तक्रार मंचाची होती, आणि ती सगळ्यात स्पष्ट दिसली २०२३ च्या गणेशोत्सवात. एका तालुक्याच्या गावातल्या मंडळाने ४५ हजार ठरवून बोलावलं. तोवरचं सगळ्यात मोठं मानधन. साउंडचेक संध्याकाळी सहाला ठरला होता, पण बक्षीस समारंभ आणि भाषणं लांबत गेली आणि मंच मिळाला आठ पन्नासला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तो दिवस सूट दिलेल्या दिवसांच्या यादीत नव्हता. आयोजकांना हे माहीत होतं. बँडने विचारलं नव्हतं.

साउंडवाला ऑर्केस्ट्राच्या कामात मुरलेला. त्याला सांगण्यात आलं होतं 'गाण्याचा कार्यक्रम', म्हणून त्याने दोन गायक धरून दोन मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) आणले होते. पखवाजासाठी गायनाचा एकच माइक उरला, तो दोन्ही पुड्यांच्या (दोन्ही बाजूंच्या चामड्यांच्या) मधोमध लावला. पखवाजाच्या मागे हातभर अंतरावर बासचा अ‍ॅम्प. बासचा स्वर पखवाजाच्या माइकमध्ये शिरायचा, तिथून मॉनिटरमध्ये, मॉनिटरमधून परत माइकमध्ये, आणि मांडव घुमायला लागायचा. वर सगळ्या आवाजांना सवयीने इको दिलेला.

खुद्द वाद्यावरही संकट आलं. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात. तिच्यामुळे तो खोल घुमारा मिळतो. दुपारी चारला थापलेली कणीक दिव्यांखाली नऊपर्यंत वाळली, तिला भेगा पडल्या आणि डावं अंग टणटण वाजू लागलं. ओली कणीक सोबत नव्हती. उजवी पुडी काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावलेली, दुसरं गाणं काळी दोनमधलं, म्हणजे वरच्या स्वरातलं. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून स्वर चढवायला पाच मिनिटं लागली, आणि तोवर मैदान गप्प बसून होतं. अकरापैकी चार गाणी झाली. दहाला पाच मिनिटं असताना बंद करायचा इशारा आला. हातात पडले ३० हजार; ४५ चा आकडा फोनवर ठरलेला होता, त्यामुळे भांडायला काही हाताशी नव्हतं.

यातला दोष साउंडवाल्यावर ढकलणं सोपं आहे, आणि ते चूक आहे. पाच जण काय काय वाजवतात, कुठे बसतात, किती माइक लागतात, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

पर्याय

परतल्यावर चार वाटांवर चर्चा झाली.

पहिली वाट चालू प्रघाताची: दर दोन महिन्यांनी एक गाणं, प्रत्येकाला थोडी जाहिरात. गाण्यामागे २५ हजार निर्मितीला आणि १० हजार जाहिरातीला धरले, तर सहा गाण्यांचे वर्षाला २ लाख १० हजार. जाहिरातीतून ऐकणारे वाढतात हे खरं, पण त्यातले तिकीट काढून येणारे किती, याचा काहीच अंदाज नव्हता. कर्ज काढून जत्रेत दुकान लावण्यासारखं ते झालं असतं. सोडून दिली.

दुसरी वाट स्ट्रीमिंग सोडून फक्त विक्री. बँडकॅम्प या गाणी विकण्याच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, पैसे वळते करण्याचा आकार वेगळा, बाकी बँडचे. परदेशातल्या मराठी श्रोत्यांना हे सोयीचं. पण यूपीआयने चहाचे पैसे देणारा इथला श्रोता शंभर रुपयांच्या गाण्यासाठी कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरत नाही. ती खिडकी परदेशापुरती उघडी ठेवायची, एवढं ठरलं.

तिसरी वाट फुकट वाटण्याची. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडने २०१० मध्ये एका अल्बमची गाणी महिन्याला एक याप्रमाणे मोफत उतरवून घेऊ दिली होती. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच ठेवली. वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड तिकिटाची किंमत जाणीवपूर्वक पाच डॉलरच्या आसपास ठेवायचा. आपले शेकडो शो त्यांनी मुद्रित करून ठेवले आणि २०११ मध्ये ते संग्रह म्हणून खुले केले, सुचवलेली किंमत पाच डॉलर. गायकाला हे सगळं पटत होतं. ड्रमवाल्याने नेमका आक्षेप घेतला: त्या बँडच्या मागे शेकडो शोंची पुण्याई होती, आपले वर्षाला पंधरा. फुकट दिलं तर विकायला दुसरं काय उरतं?

चौथी वाट याच आक्षेपातून निघाली. नवं गाणं आधी सभागृहात, निदान तीनदा, लोकांसमोर वाजवायचं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण त्या रात्रीच्या प्रेक्षकांना विकायचं. स्टुडिओत जायचं ते तीन प्रयोगांनंतरही उभी राहिलेली गाणी घेऊनच. म्हणजे शो आणि गाण्याचं वितरण ही दोन खाती न ठेवता एकच ठेवायचं. आमच्या मते या प्रकरणातला खरा निर्णय हाच. पुढचं सगळं त्याची अंमलबजावणी.

गायिकेची हरकत होती. कच्चं, चुकांसकट गाणं लोकांच्या फोनमध्ये कायमचं जाऊन बसेल, ही तिची भीती रास्त होती. तोड अशी निघाली, की मुद्रणातल्या कुठल्याही गाण्यावर पाचांपैकी एकाने हरकत घेतली तर तेवढं गाणं गाळायचं आणि कारण विचारायचं नाही.

कृती: आधी कागद

पहिले दोन महिने एकही शो घेतला नाही. एक पान लिहायला एवढा वेळ लागला.

कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची, आणि मुद्रण ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचं. इथे निर्माता म्हणजे ५७-५७ हजार घालणारे पाचही जण. त्यामुळे मुद्रणात प्रत्येकी २० टक्के, हे लगेच ठरलं. शब्दांवरही वाद झाला नाही. अडलं ते चालीवर. पखवाजवाले वयाने मोठे, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांचं म्हणणं होतं, की दोन गाणी त्यांच्या बोलांवरूनच उभी राहिली, ठेका काढला तर गाणं उरत नाही. तीन बैठकांनंतर सूत्र ठरलं: ज्या गाण्यात वादकाने आणलेला भाग गुणगुणून किंवा बोलून दाखवता येतो आणि तो काढल्यावर गाणं ओळखू येत नाही, तिथे त्याला चालीत वाटा. दादांना दोन गाण्यांत चालीचे ३० टक्के मिळाले, बासवाल्याला एकात २०. प्रत्येक गाण्याचा वेगळा कागद, पाच सह्या, तारीख.

त्यानंतर गीतकार-संगीतकार म्हणून ज्यांचे वाटे होते ते आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद झाले. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातही शब्द आणि चाल करणाऱ्याचा रॉयल्टीतला समान हिस्सा कायद्याने राखलेला आहे. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो, कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. एक बारकावा मात्र बऱ्याच बँडच्या नजरेतून सुटतो. सभासद झाल्यावर जाहीर सादरीकरणाचा हक्क संस्थेकडे जातो. मग स्वतः आयोजक बनून स्वतःचीच गाणी वाजवायची असली, तरी परवान्याबाबत संस्थेला आधी लेखी विचारलेलं बरं. बँडने पहिल्या शोआधी तसं विचारलं.

कार्यक्रमात एक अभंगही होता. संतांचे शब्द सगळ्यांचे, पण लोक ओळखतात ती चाल विसाव्या शतकातल्या एका संगीतकाराची. सभागृहात वाजवणं एकवेळ परवान्याने भागतं. मुद्रित करून विकणं ही वेगळी परवानगी. बँडने त्या अभंगाला स्वतःची चाल लावली. एक आधुनिक कविताही होती. कवीच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला प्रसिद्धीपासून ६०. १९५६ साली गेलेल्या मर्ढेकरांची हयातीत छापली गेलेली कविता आज मोकळी आहे, त्यांच्यानंतर दोन-तीन दशकं जगलेल्या कवींची नाही. बँडची कविता दुसऱ्या प्रकारातली होती. वारसांना पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, कविता कार्यक्रमातून काढली. जड गेलं, पण बरोबर केलं.

शोधाशोधीचा घोळही याच काळात निस्तरला. नावापुढे एक शब्द जोडून ते वेगळं केलं, सगळ्या नावांना एकच स्पेलिंग-पद्धत लावली, आणि चुकीच्या पानावरची तीन गाणी वितरकामार्फत हलवून घेतली. अशा वेळी गाणी काढून नव्याने चढवायचा मोह होतो. तसं करावं लागलंच, तर गाण्याचा जुना आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक मुद्रणाचा ओळख-क्रमांक) तोच ठेवायचा. नवा क्रमांक पडला की ते नवं गाणं धरलं जातं आणि आधीचे आकडे मागे राहतात.

कृती: मंच

बँडने एका पानाचं तांत्रिक पत्रक केलं. वर मंचाचा नकाशा, खाली १४ वाहिन्यांची (मिक्सरमध्ये वेगवेगळ्या येणाऱ्या आवाजांची) यादी: ड्रमला चार (किक, स्नेअर, वरून दोन), बास थेट डीआयमधून (वाद्य तारेने मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून), इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पला एक माइक, अकूस्टिक गिटारला डीआय, पखवाजाला दोन, गायनाचे दोन, साथीच्या आवाजाचा एक, आणि शेवटचे दोन मंचाच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून. हे दोन स्पीकरमध्ये सोडायचे नाहीत, फक्त मुद्रणासाठी. ते नसले तर मुद्रणात टाळ्या बंद दाराआडून आल्यासारख्या वाटतात.

पखवाज ड्रमच्या विरुद्ध टोकाला, फूटभर उंच चौथऱ्यावर नेला. बासचा अ‍ॅम्प दुसऱ्या बाजूला. डाव्या पुडीला किक ड्रमचा माइक, उजवीला लहान माइक, दोन्ही सुमारे वीतभर अंतरावर. दोन्ही पुड्या विरुद्ध दिशांना तोंड करून असल्यामुळे दोन माइकचे आवाज एकमेकांना खातात. एकाची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटवून ऐकायची आणि घुमारा भरतो ती बाजू ठेवायची. मॉनिटरमध्ये डावी पुडी जवळजवळ नाहीच. झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा सोबत, आणि मध्यंतरात नवी कणीक.

गाण्यांचा क्रमही पखवाजाने ठरवला. आधी काळी एकमधली चार, मग निवेदन आणि पखवाज चढवणं, मग काळी दोनमधली तीन. मधल्या काही मिनिटांत गायिका पुढच्या गाण्याची पार्श्वभूमी सांगते. पूर्वी ज्या वेळी सभागृह अवघडून बसायचं, त्या वेळी आता लोक कान देऊन ऐकतात.

जागा निवडली दीडशे खुर्च्यांची, नाटकाचे लहान प्रयोग होतात तशी. तिकीट २५० रुपये. संगीताच्या कार्यक्रमाचं माणशी ५०० पर्यंतचं तिकीट जीएसटीतून मुक्त आहे, हा हिशेब त्यामागे होताच. पहिल्या शोचा खर्च: सभागृह ८,५००, साउंड आणि चालक १२,०००, दिवे ३,०००, टेम्पो २,५००, पोस्टर १,५००, चहा-वडे १,५००. बेरीज २९,०००. तिकिटं खपली ११२, म्हणजे २८,०००. हजाराची तूट.

बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात एक कार्ड. एका बाजूला यूपीआयचा क्यूआर कोड: आजचं मुद्रण, १०० रुपये किंवा जास्त, दहा दिवसांत पोचेल. दुसऱ्या बाजूला एक मोबाइल क्रमांक: 'सेव्ह करा आणि "गाणी" असा मेसेज पाठवा.' सेव्ह करायला सांगण्याला कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपची एक ब्रॉडकास्ट यादी जास्तीत जास्त २५६ जणांची असते आणि मेसेज पोचतो तो ज्यांनी तुमचा क्रमांक सेव्ह केला आहे त्यांनाच. नुसते क्रमांक गोळा करून ठेवले तर निम्मे मेसेज हवेत विरतात, आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही.

काय बिघडलं

पहिल्याच रात्री ४१ जणांनी मुद्रणाचे पैसे भरले, एकूण ६,१५०. घरी येऊन पाहिलं तर मुद्रण एकतिसाव्या मिनिटाला थांबलेलं.

कारण अगदी साधं. मिक्सरमधून थेट पेनड्राइव्हवर १६ वाहिन्यांची एकच फाइल लिहिली जात होती. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे एका वाहिनीचे सेकंदाला १,४४,००० बाइट, सोळांचे सुमारे २३ लाख. एफएटी-३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. भागाकार केला की ३१ मिनिटं येतात. काही मिक्सर अशा वेळी आपोआप पुढची फाइल उघडतात. हा उघडत नव्हता, आणि त्याचा दिवा मात्र हिरवाच राहिला. तालमीत चाचणी घेतली होती, पण दहा मिनिटांची.

आता काय करायचं? एक मत होतं, की पुढच्या शोचं मुद्रण याच लोकांना द्यावं. पण कार्डावर 'आजचं मुद्रण' छापलं होतं. दोन दिवसांत सगळ्यांना मेसेज गेला: काय झालं ते जसंच्या तसं, पैसे परत, आणि असलेली ३१ मिनिटं भेट. सहा जणांनी पैसे परत घेतले नाहीत. पुढच्या शोला त्या ४१ मधले निम्म्याहून जास्त लोक आले, आणि आमच्या समजुतीने त्या मेसेजचा यात वाटा मोठा आहे.

दुसऱ्या शोपासून मुद्रण लॅपटॉपवर, प्रत्येक वाहिनीची वेगळी फाइल. एका वाहिनीला तासाला अर्धा जीबी, सोळांना साडेआठच्या आत. लॅपटॉपचं झोपी जाणं बंद, वायफाय बंद, चार्जर सतत लावलेला. शिवाय सभागृहाच्या मागच्या भिंतीजवळ सेलवर चालणारा छोटा स्टीरिओ रेकॉर्डर. चौथ्या शोला वीज गेली तेव्हा तोच कामी आला.

प्रेक्षकांना फोनवर मुद्रण करायची मोकळीक होती, विकायची नव्हती. नव्या गाण्याची एक चित्रफीत चुकीच्या नावाने बरीच फिरली. ती काढायला न लावता बँडने खाली खरं नाव लिहून घेतलं, आणि पुढच्या शोपासून गाण्याचं नाव मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायला लागलं.

कर आणि खातं

आधीचे सगळे पैसे गायकाच्या खात्यावर यायचे. कंपन्या आणि मोठे आयोजक कलाकाराच्या मानधनातून १० टक्के टीडीएस कापतात, तो कापला जायचा त्याच्याच पॅनवर. पाच जणांचं उत्पन्न एकट्याच्या नावावर दिसत होतं. बँडने भागीदारी संस्था नोंदवली, तिचं पॅन आणि चालू खातं घेतलं. साधं काम आहे, पण ते पहिल्या मानधनाच्या आधी करायचं असतं. दोन वर्षांनी केलं तर मागच्या हिशेबाची उस्तवार सीए लोकांनाही नको होते.

निष्पत्ती

जानेवारी २०२४ ते मार्च २०२५ या काळात सात शो झाले: चार पुण्यात, नाशिक, कोल्हापूर आणि ठाण्यात एकेक. तिकिटं ८२६, म्हणजे २,०६,५०० रुपये. खर्च पुण्यातल्या चारांचा १,१६,०००, बाहेरच्या तिघांचा १,२३,०००. तूट ३२,५००. पहिला शो सोडून सहा शोंचं मुद्रण ३१८ जणांनी घेतलं, त्याचे ४६,२०० आले. शिल्लक १३,७००, माणशी २,७४०.

कॅफेतल्या दोन शोंमध्ये याहून जास्त सुटले असते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कॅफेत जे मिळत नव्हतं ते इथे मिळालं. ब्रॉडकास्ट याद्यांत मिळून ५४० जण आले, आणि नवा शो जाहीर झाला की पहिली साठ-सत्तर तिकिटं त्याच दिवशी जातात. सात नव्या गाण्यांपैकी दोन तीन प्रयोगांनंतर वगळली. त्यातलं एक तालमीत सगळ्यांचं लाडकं होतं, पण सभागृहात दर वेळी त्याच्या दुसऱ्या कडव्याला लोक फोन काढायचे. एका गाण्याची लय मिनिटाला ९६ ठोक्यांवरून ८८ वर आली. उरलेली पाच स्टुडिओत घोटलेलीच गेली, त्यामुळे तीन दिवसांत मुद्रित झाली. ती एकेक करून, चार आठवडे आधी वितरकाकडे देऊन प्रसिद्ध केली. स्पॉटिफायवर संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी द्यावं लागतं, आणि मागच्या खेपेला ते राहून गेलं होतं. पाचांपैकी चार गाण्यांनी वर्षाच्या आत हजाराचा टप्पा ओलांडला. दोन महोत्सवांची बोलावणी आली, दोन्हींचं मिळून मानधन १ लाख १० हजार. दोन्ही वेळा तांत्रिक पत्रक करारासोबत जोडलं होतं आणि निम्मे पैसे आगाऊ घेतले होते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, कागद २०२२ मध्येच व्हायला हवा होता, पैसे घालायच्या आधी. चालीच्या वाट्यावर तीन बैठका झाल्या, त्या स्टुडिओत जाण्यापूर्वी एकीतच आटोपल्या असत्या. वर्षभर मनात धरून ठेवलेल्या गोष्टी तेव्हा साचलेल्या नव्हत्या.

आठ गाणी एका दिवशी सोडली, त्यातली सहा तशीच बुडाली. तीच गाणी चार-चार आठवड्यांच्या अंतराने सोडता आली असती, एक पैसाही जास्त न घालता. आणि कॅफेतले शो एकदम बंद करायला नको होते. महिन्याला एक ठेवला असता तर सभागृहाची तूट त्यातून भरून निघाली असती, आणि बाहेरगावचे शो तीनऐवजी पाच करता आले असते.

सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र शेवटी कळली. प्रत्येक शोचं मिक्सिंग बासवाला करत होता, दर वेळी दहा-बारा तास, दहा दिवसांच्या मुदतीत, नोकरी सांभाळून. कागदावर शब्दांचा, चालीचा आणि मुद्रणाचा वाटा होता, या कामाचा कुठेच नव्हता. त्याने दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा पुढच्या शोच्या गडबडीत तो मागे पडला. मुद्रणाच्या ४६,२०० रुपयांतून शोमागे तीन हजार जरी त्याच्यासाठी आधीच बाजूला काढले असते, तरी कामाला काम म्हटलं गेलं असतं. एप्रिल २०२५ मध्ये तो बाहेर पडला.

बँडकडे आता दोन कागद नव्याने आले आहेत. एक, मिक्सिंगचा दर: शोमागे चार हजार, वाटपाच्या आधी, करणारा सभासद असो वा बाहेरचा. दुसरा, बाहेर पडणाऱ्याचा: जुन्या मुद्रणांतले त्याचे २० टक्के आणि त्या एका चालीतला वाटा त्याचाच राहील, दर सहा महिन्यांनी त्याच्या खात्यावर जमा होईल, आणि त्याने मिक्स केलेल्या रात्रींवर त्याचं नाव राहील. पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये गेला, ६४० रुपये.